मुलांसह पहिली परदेशवारी: सिंगापूरची सहल कशी आखायची

शाळेत जाणारी मुलं घेऊन पहिल्यांदाच देशाबाहेर पडायचं ठरलं, की घरात सगळ्यात आधी 'काय काय बघायचं' याची यादी तयार होते. ती यादी शेवटी करा, असं मी प्रत्येकाला सांगते. आधी तारखा, मग पासपोर्ट, मग तिकीट-हॉटेल-व्हिसा, आणि मुलं किती वाजता उठतात, किती वाजता जेवतात, दुपारी किती वाजता चिडचिडी होतात हे नीट लक्षात घेऊन मग ठिकाणं. सहल मुलांच्या घड्याळावर बसवली की मोठ्यांनाही ती सोसते. उलटं केलं, तर तिसऱ्या दिवशी सगळेच एकमेकांवर वैतागतात.

उदाहरण म्हणून सिंगापूर घेते, कारण पहिल्या वारीला इतकं सोयीचं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. मुंबईहून थेट विमानाने साधारण साडेपाच तास. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे. नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, इंग्रजीत सगळं काम भागतं, आणि वरण-भाताची आठवण झाली तर लिटिल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीत ती भागवायची सोय आहे.

तारखा: आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी

राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होते आणि जूनभर चालते. म्हणजे मेचे पहिले तीन आठवडे आपली मुलं मोकळी आणि तिथली मुलं वर्गात. प्राणिसंग्रहालय असो की युनिव्हर्सल स्टुडिओज, रांगांमधला फरक जाणवण्याइतका असतो. जूनचा पहिला आठवडा शक्यतो टाळा.

दिवाळीची सुट्टीही चांगली. तिथल्या शाळांची वर्षअखेरची सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते, त्यामुळे दिवाळीत गर्दी बेताची असते. शिवाय दिवाळी ही तिथे सार्वजनिक सुट्टी आहे आणि लिटिल इंडियातल्या सेरंगून रोडवर अख्खा रस्ता दिव्यांनी सजवतात. नाताळात मात्र भाडी चढलेली असतात आणि डिसेंबर हा तिथला भरपूर पावसाचा महिना.

पावसाबद्दल इथेच सांगून टाकते. सिंगापूर विषुववृत्ताला अगदी खेटून आहे, त्यामुळे बाराही महिने उकाडा आणि बाराही महिने पाऊस. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो बहुधा दुपारी, विजा कडाडत येतो आणि तासाभरात ओसरतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. म्हणून उघड्यावरचं काही असेल ते सकाळी किंवा संध्याकाळी, दुपार छपराखाली.

तारीख पक्की करण्याआधी शाळेचं वेळापत्रक बघा. सीबीएसईच्या शाळांत नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, आणि दहावीत जाणाऱ्या मुलांचे सुट्टीतले जादा तासही विसरू नका.

पासपोर्ट: लहानांचा आधी बघा

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. आई-बाबांचे दहा वर्षांचे असतात, म्हणून 'आपल्याकडे सगळ्यांचे पासपोर्ट आहेत' असं गृहीत धरलं जातं आणि धाकटीचा केव्हाच संपलेला निघतो. शिवाय प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. आजच कपाट उघडून चारही पासपोर्टवरच्या तारखा एका कागदावर लिहा.

नवीन काढायचा असेल तर पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरून जवळच्या पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा टपाल कार्यालयातल्या केंद्राची वेळ घ्यायची. अल्पवयीन मुलांचं शुल्क १,००० रुपये. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर १० टक्के सवलत. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना १,५०० रुपये भरून दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, आणि तोच घ्यावा. अल्पवयीन मुलासाठी आई-वडिलांच्या सहीचं अॅनेक्शर डी हे घोषणापत्र लागतं. आई-वडिलांकडे चालू पासपोर्ट असेल, तर मुलांसाठी सहसा पोलीस पडताळणी होत नाही. तरी मे महिन्याच्या सहलीसाठी हे काम डिसेंबर-जानेवारीत उरकावं, कारण मार्च-एप्रिलमध्ये वेळ मिळायलाच वेळ लागतो.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास अडतात. पहिली, जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसतं. बारशाआधी नोंद झालेली असते, नावाची जागा कोरी राहिलेली असते. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आधी नाव चढवून घ्या. दुसरी, नावांचा क्रम. आपल्या पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहिलेलं असलं, तर पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात येतं. विमानाचं तिकीट काढताना त्या दोन रकान्यांत जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, उतरवा. घरचं लाडकं स्पेलिंग तिथे चालत नाही.

आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर घाबरायचं कारण नाही. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतात. तरी जन्मदाखल्याची प्रत सोबत असू द्या. आई किंवा वडील एकटेच, किंवा आजी-आजोबा मुलांना नेणार असतील, तर न येणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर विमानतळावर त्याची सोय करता येत नाही.

व्हिसा आणि अरायव्हल कार्ड

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला जायला आधी व्हिसा घ्यावा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत होतो. फॉर्म १४ए, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण, पालकांची आर्थिक कागदपत्रं असा साधारण संच असतो. सरकारी शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटचा आकार; व्हिसा नाकारला तरी ते शुल्क परत मिळत नाही. मुलांचाही स्वतंत्र अर्ज. शाळेच्या ओळखपत्रावरचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो चिकटवू नका, मुलांचे चेहरे झपाट्याने बदलतात, नवीन काढा.

व्हिसा हातात आला की काम संपलं असं वाटतं, पण एसजी अरायव्हल कार्ड राहिलेलं असतं. पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, प्रत्येक मुलासाठीसुद्धा. ते पूर्णपणे मोफत आहे. गुगलवर शोधलं की पैसे मागणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळं वर येतात. त्यांच्या नादी लागू नका, तिथल्या इमिग्रेशन खात्याच्याच संकेतस्थळावर जा. आणि त्यात ई-मेलचा पत्ता काळजीपूर्वक लिहा. पासपोर्टवर शिक्का न मारता राहण्याची परवानगी त्या ई-मेलवरच पाठवतात.

विमान आणि हॉटेल

दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र आसन घ्यावं लागतं आणि बारा पूर्ण झाली की मोठ्यांचं भाडं लागतं. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. थोरल्याचा बारावा वाढदिवस जवळ आला असेल तर तारखा ठरवताना एवढं बघून घ्या.

मुंबईहून रात्री निघणारी विमानं सकाळी तिथे उतरतात. भाडं बरं असतं, पण मुलं अर्धवट झोपेत आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधले पाच-सहा तास सामान आणि पेंगणारी मुलं सांभाळण्यात जातात. जमलं तर दिवसाचं विमान घ्या. नाहीच जमलं तर हॉटेलला आधी कळवून लवकर खोली मिळते का विचारा, त्यासाठी थोडे पैसे पडले तरी द्या. या सहलीत पैसे सत्कारणी लागण्याची ही पहिली जागा.

हॉटेल बघताना मुलांची वयं खरी भरा. तिथल्या खोल्या लहान आणि बऱ्याच ठिकाणी एका खोलीत तीनच माणसांना परवानगी. चौघांसाठी 'फॅमिली रूम' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'जाऊन बघू' म्हणालात, तर स्वागतकक्षात दुसऱ्या खोलीचे पैसे मोजावे लागतात. जागा एमआरटी, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर असावी. उकाड्यात मुलांना याहून जास्त चालवू नये. लिटिल इंडिया, फेरर पार्क किंवा बुगिस हे भाग शाकाहारी घरांना सोयीचे. सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, डोसा आणि थाळी दोन्ही मिळतात.

दिवस कसा मांडायचा

आता मुख्य गोष्ट. घड्याळ अडीच तास पुढे आहे, याचा मुलांच्या बाजूने विचार करा. आपल्याकडे सुट्टीत सात वाजता उठणारं मूल तिथे साडेनऊला उठणार. त्याला तिथल्या सातला उठवलंत, तर त्याच्या शरीराच्या हिशेबाने ते पहाटेचे साडेचार असतात. आणि रात्री? आपल्याकडे साडेनऊला झोपणारं मूल तिथल्या बारा वाजेपर्यंत टवटवीत. म्हणून सकाळी आठच्या बसचं पॅकेज मला मुलांसाठी पटत नाही. नाश्ता नऊच्या सुमारास, दहाला बाहेर, दुपारी दोन ते पाच हॉटेलचा पोहण्याचा तलाव किंवा गार वाऱ्यातलं एखादं संग्रहालय, आणि मग संध्याकाळ मोठी.

सिंगापूर रात्रीचं बघण्यासारखं शहर आहे, त्यामुळे हे जुळूनच येतं. वर्षभर सातच्या सुमारास अंधार पडतो. गार्डन्स बाय द बेमधल्या उंच लोखंडी 'सुपरट्री' झाडांचा दिव्यांचा आणि संगीताचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, विनामूल्य. वीस मिनिटं आधी जाऊन झाडांच्या मधोमध चादर टाका आणि मुलांना उताणं झोपवा. उभ्याने बघणाऱ्यांच्या माना दुखतात; झोपून बघणाऱ्या मुलांना डोक्यावर सगळं आकाशच रंग बदलताना दिसतं. नाइट सफारी संध्याकाळी सव्वासातला उघडते. १९९४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा निशाचर प्राण्यांसाठीचं जगातलं ते पहिलंच प्राणिसंग्रहालय होतं.

दिवसाला एकच मोठं ठिकाण, हा नियम मोडू नका. मंडाईला प्राणिसंग्रहालय, रिव्हर वंडर्स आणि नाइट सफारी शेजारी-शेजारी आहेत, म्हणून सगळे ती एका दिवसात उरकतात. सकाळी दहा ते रात्री दहा त्या दमट हवेत! आठ वर्षांचं मूल तिसऱ्या पिंजऱ्यानंतर प्राण्यांकडे बघतच नाही, आइस्क्रीमच्या गाड्या शोधतं. दोन वेगवेगळ्या दिवशी जा, नाहीतर एक सोडून द्या.

पाच रात्रींची सहल मी अशी मांडेन. पोहोचल्याच्या दिवशी काही नाही, फक्त संध्याकाळी सुपरट्री. दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी आणि रात्री नाइट सफारी. तिसरा दिवस विश्रांतीचा: उशिरा उठून बोटॅनिक गार्डन्स, जिला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आत जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन आहे, प्रवेश मोफत, सोमवारी बंद. चौथा दिवस युनिव्हर्सल स्टुडिओजचा, तो लवकर सुरू करावाच लागतो आणि तोवर मुलांचं घड्याळ थोडं सरकलेलं असतं. पाचव्या दिवशी मुलांनी निवडलेलं ठिकाण. विज्ञानाची आवड असेल तर जुरोंगचं सायन्स सेंटर, पक्ष्यांची असेल तर २०२३ मध्ये मंडाईला उघडलेलं बर्ड पॅराडाइज. ही निवड खरोखर मुलांवरच सोडा, घरी महिनाभर आधी. नकाशा, तिकिटांचे दर, जायला लागणारा वेळ त्यांनाच शोधू द्या. ज्या दिवसाची आखणी मुलाने केलेली असते, त्या दिवशी पाय दुखल्याची तक्रार येत नाही.

युनिव्हर्सलची तिकिटं काढण्याआधी मुलांची उंची मोजा. तिथल्या बऱ्याच राइड्सना उंचीची अट आहे, काहींना १०२ सेंटीमीटर, मोठ्यांना १२२ किंवा १२५. १२० सेंटीमीटरच्या मुलाला रांगेच्या टोकाशी 'नाही' ऐकायला लागणं फार वाईट. घरीच सांगून ठेवलं की मन तयार असतं.

शहरात फिरताना

एमआरटी हा मुलांसाठी खेळच आहे. रंगीत रेषांचा नकाशा त्यांच्या हातात द्या आणि गाडी कुठे बदलायची ते त्यांना सांगू द्या. ९० सेंटीमीटरपेक्षा बुटकी मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात, बाकी प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं. एकच कार्ड दोघांसाठी टेकवता येत नाही. गाडीत खाणं-पिणं पूर्ण बंद, अगदी पाण्याचा घोटसुद्धा. ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. मुलांना पाणी स्टेशनबाहेरच पाजा.

चुकामूक झाली तर काय करायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि एकदा म्हणवून घ्या: फलाटावर राहिलेल्याने जागचं हलायचं नाही, गाडीत एकटं गेलेल्याने पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं. मोठं माणूस तिथे येईल. मुलाच्या खिशात हॉटेलचं नाव आणि तुमचा चालू असलेला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९५.

अॅपवरून मागवलेल्या खासगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बूस्टर सीट सक्तीची आहे, ती नसेल तर चालक नकार देतो. नेहमीच्या टॅक्सीला ही सक्ती नाही. रात्री उशिरा मंडाईहून परतताना हे माहीत असलं की बरं पडतं.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

डबे भरताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: खसखस. सिंगापूरमध्ये तिची गणना अमली पदार्थांच्या कायद्याखाली होते आणि परवानगीशिवाय नेता येत नाही. आपण सुटी खसखस नेणार नाही, पण दिवाळीच्या फराळात ती कुठे कुठे असते ते आठवा. अनारशांवर थापलेली असते, करंजीच्या सारणात भाजून घातलेली असते, काही घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. आजीने प्रेमाने बांधून दिलेला डबा उघडून विचारा, यात खसखस आहे का. शंका असेल तर तो डबा घरीच ठेवा. चकली, शंकरपाळे, खाकरे, मेतकूट यांनी काम भागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही विमानाच्या सामानात चालत नाहीत.

सोबत आजोबा असतील तर त्यांनाही आधीच सांगा: तंबाखूची पुडी, गुटखा, मिश्री, काहीही नाही. चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे. मुलांच्या दप्तरातलं च्युइंगगमही काढून टाका.

लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत. पॉवर बँक नेमकी उलटी, ती फक्त हातातल्या बॅगेत. तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, तेवढं अॅडॉप्टर इथूनच घ्या. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊ नका. डासांचं मलम घ्या, तिथेही डेंग्यू आहे. प्रवास विमा चौघांचाही काढा, मुलांचा हप्ता फार नसतो आणि तिथला दवाखाना महाग आहे.

पैसे

थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड आणि एक क्रेडिट कार्ड पुरतं. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा, ते मुळात बंद असतात. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत की डॉलरमध्ये' विचारलं तर नेहमी डॉलर. रुपये निवडले की त्यांचा महागडा दर लागतो. खाण्याचा खर्च हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्सवर, आटोक्यात राहतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, घरून आणलेल्याच भरा.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएस दिसेल. तो जादा खर्च नाही, आगाऊ कापलेला कर आहे, विवरणपत्रात वळता होतो. म्हणून पॅकेज अशा व्यक्तीच्या पॅनवर घ्या जी विवरणपत्र भरते, आणि कापल्याचा दाखला मागून घ्या.

परतीचा दिवस

चांगी विमानतळाला लागूनच ज्वेल नावाचा मॉल आहे. ४० मीटर उंचीवरून कोसळणारा आतला धबधबा सुरक्षा तपासणीच्या बाहेर असल्यामुळे तो चेक-इनच्या आधीच बघावा लागतो. विमानाच्या पाचएक तास आधी पोहोचलात तर मुलांना तिथे मोकळं फिरवता येतं. परतीचं तिकीट काढताना शाळा उघडण्याच्या आदल्या दिवसाचं काढू नका. मध्ये किमान दोन रिकामे दिवस असू द्या, कारण आता मुलांचं घड्याळ उलट्या बाजूने सरकलेलं असतं: पहाटे साडेचारला टक्क जागी आणि संध्याकाळी सातला ताटावर पेंगणारी.